भेगा शोधणारा डॉक्टर

मेकॅनिकलला आम्हाला अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्टरचं एक प्रॅक्टिकल होतं. स्टीलचा ठोकळा, त्यावर तेलाचं बोट, तेलावर प्रोब आणि स्क्रीनवर दोन-तीन सुळके. पहिला सुळका म्हणजे वरचा पृष्ठभाग, शेवटचा म्हणजे खालचा. मध्येच एखादा उभा राहिला तर आत भेग आहे असं समजायचं. आमच्या बॅचने हे प्रॅक्टिकल वीस मिनिटांत उरकलं आणि रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून घेतली. (सर, माफ करा, सबमिशन होऊन गेलंय.) तेल कशासाठी लावतात, असं ओरलला विचारलं तेव्हा मी छताकडे बघत होते.

त्या प्रश्नाचं उत्तर मला दिवाळीच्या सुट्टीत मिळालं, आणि तेही तालुक्याच्या गावी, एका सोनोग्राफी सेंटरमध्ये.

झालं असं की, माझ्या वहिनीने दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी बसवून घेतली होती. तांबी म्हणजे कॉपर टी. टी अक्षराच्या आकाराची प्लास्टिकची छोटी काडी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि खालच्या टोकाला दोन दोरे. ती गर्भाशयात बसवली की दिवस राहत नाहीत. (बॉईज हॉस्टेलच्या वाचकांनी लाजून पान उलटू नये, पुढे वेल्डिंग आहे.) तांबी जागेवर आहे का, हे तपासताना दोरे दिसतात का त्यावरून बघतात. वहिनीचे दोरे दिसेनात. ओटीपोटात दुखायचं, मधूनच अंगावर जायचं. एका ठिकाणी दाखवलं, तर तिथे सांगितलं की पडून गेली असेल, तुम्हाला कळलं नसेल. वहिनी मुकाट्याने घरी आली. आई म्हणायची, एवढी वस्तू पडली तर कळणार नाही होय? पण हा विषय आमच्या घरात स्वयंपाकघराच्या बाहेर येतच नाही. दादाला विचारायचं कुणी? दोन महिने असेच गेले.

मी सुट्टीला गेले तेव्हा वहिनीने मला भांडी घासता घासता सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने निघालो. तिथल्या बाईंनी आधी लघवीची तपासणी केली, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली आणि मग सोनोग्राफीला धाडलं. सोनोग्राफीवाल्यांनी भरपूर पाणी पिऊन बसायला सांगितलं. बिचारी बाटलीभर पाणी पिऊन बाकावर पाय जुळवून तासभर बसली होती.

आत मला सोबत घेतलं. पोटावर थंडगार जेल, त्यावर प्रोब, आणि पडद्यावर सगळं करडं-काळं. डॉक्टरांनी प्रोब थोडा तिरका केला आणि एक पांढरीशुभ्र रेघ चमकली, तिच्याखाली काळी सावली. तांबी होती! पडली-बिडली नव्हती. जागेवरून खाली सरकून तिरकी झाली होती, एक हात गर्भाशयाच्या भिंतीत थोडा रुतला होता आणि दोरे वर आत ओढले गेले होते. मी न राहवून बोलून गेले, की हा तर आमच्या लॅबमधला फ्लॉ डिटेक्टर आहे. मला वाटलं डॉक्टर हसतील. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, या मशीनचा आजा खरोखरच वेल्डिंग तपासणारं यंत्र होतं. इयान डोनाल्ड नावाच्या माणसाबद्दल वाच.

हॉस्टेलवर आल्यावर पंधरा दिवस मी तेच वाचत होते. (त्यापायी एक टेस्ट गेली, ते जाऊ दे.)

इयान डोनाल्डचा जन्म २७ डिसेंबर १९१० चा, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या लिस्कर्ड गावचा. घराणं मूळचं स्कॉटिश, वडील डॉक्टर. वडिलांची तब्येत बरी नसायची म्हणून सगळं कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेलं. इयानचं शिक्षण केपटाऊनला झालं. तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा असताना आई आणि वडील काही महिन्यांच्या अंतराने वारले. पोराने पहिली पदवी घेतली ती कलाशाखेची. मग १९३१ मध्ये लंडनला परत येऊन सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कॉलेजात मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९३७ साली डॉक्टर झाला. त्याच वर्षी लग्न. पुढे चार मुली झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड हवाई दलात मेडिकल ऑफिसर म्हणून गेला. एकदा बॉम्ब भरलेलं विमान कोसळून पेटलं असताना त्याने आत शिरून वैमानिकांना बाहेर ओढलं. त्याबद्दल त्याला पदक मिळालं. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तिथे त्याची रडारशी आणि सोनारशी ओळख झाली. लहर पाठवायची, ती कशावर तरी आपटून परत येते, किती वेळाने आली त्यावरून अंतर काढायचं. पाण्याखालची पाणबुडी अशी सापडते. ही कल्पना त्याच्या डोक्यात कायमची बसली.

युद्धानंतर तो स्त्रीरोग आणि प्रसूतीच्या शाखेत आला. यंत्रांचं त्याला भारी वेड. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळांसाठी त्याने श्वासाची उपकरणं तयार केली. सहकारी त्याला वेडा डोनाल्ड म्हणत. असे वेडे आपल्या वर्कशॉपमध्येही दोन-तीन आहेत, नावं घेत नाही. १९५४ साली त्याला ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली.

ग्लासगो म्हणजे त्या काळात जहाजं, बॉयलर आणि इंजिनांचं शहर. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं गावच मेकॅनिकल डिपार्टमेंट. जवळच रेनफ्रू इथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स ही बॉयलर बनवणारी कंपनी होती आणि तिथे जाड प्लेटांचे वेल्ड अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्टरने तपासले जात. त्या कंपनीच्या एका संचालकाची बायको डोनाल्डची पेशंट होती. ओळख निघाली. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्डने दोन गाड्यांच्या डिकीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या ताज्या गाठी भरल्या, काही घट्ट मांसल, काही पाण्याने भरलेल्या, आणि सरळ कारखान्यात नेल्या. तुलनेसाठी कंपनीने काय आणून ठेवलं होतं, तर मांसाचा एक भला मोठा तुकडा. बॉयलरच्या कारखान्यात टेबलावर हा सगळा बाजार मांडलेला आणि कंपनीचा माणूस त्यावर प्रोब ठेवतोय, हे दृश्य मला फार आवडतं.

निकाल स्वच्छ होता. पाण्याच्या गाठीतून लहर आरपार जायची, मध्ये काहीच नाही, पलीकडच्या भिंतीचा मात्र ठसठशीत सुळका. घट्ट गाठीत लहर आतल्या आत विरत जायची. म्हणजे चाकू न लावता गाठ कसली आहे ते सांगता येत होतं. पोटात हात लावून गाठ कळते, पण तिच्या आत काय आहे ते कळत नाही. त्या काळी ते पोट उघडल्यावरच कळायचं.

पण प्रयोग टेबलावर होणं वेगळं आणि जिवंत बाईच्या पोटावर होणं वेगळं. डोनाल्डने लंडनहून एक जुना फ्लॉ डिटेक्टर मिळवला. त्यात कुणीतरी भलताच फेरफार करून ठेवला होता, त्यामुळे प्रोबच्या जवळचे कित्येक सेंटिमीटर त्याला दिसतच नसत. मग काय, प्रोब पोटापासून लांब ठेवायचा आणि मध्ये पाणी. रबराच्या तळाची भांडी पेशंटच्या पोटावर तोलून धरायची. पाणी सांडायचं, पेशंट भिजायची, गादी भिजायची, डॉक्टरही भिजायचे. त्याचा ज्युनिअर डॉक्टर जॉन मॅकव्हिकर या सगळ्यात त्याच्याबरोबर होता.

आणि इथे गोष्टीत आपला माणूस येतो. टॉम ब्राउन. वय तेवीसच्या आसपास, केल्व्हिन अँड ह्यूज या कंपनीत इंजिनिअर. ही कंपनी फ्लॉ डिटेक्टरच बनवायची. १९५६ साली ऑपरेशन थिएटरमध्ये दिव्याचं काम करून आलेल्या कुणाकडून तरी त्याच्या कानावर आलं, की इथला एक प्रोफेसर आपलं मशीन माणसांवर वापरतो. ब्राउनने टेलिफोन डिरेक्टरीत नंबर शोधला आणि थेट प्रोफेसरच्या घरी फोन लावला. कुणाची परवानगी नाही, अर्ज नाही. आपण एचओडींच्या केबिनबाहेर दहा मिनिटं चपला घासत उभे राहतो, हे आठवून मला त्या पोराचं कौतुकच वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने मशीन पाहिलं आणि यात घोळ आहे हे लगेच ओळखलं. कंपनीकडून नवीन मॉडेल मिळवून दिलं. नव्या मशीनचा प्रोब सरळ कातडीवर टेकवता येत होता. पाण्याची भांडी गेली.

आता ओरलच्या प्रश्नाचं उत्तर. प्रोब आणि कातडीच्या मध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळजवळ सगळी लहर तिथूनच परत फिरते, कारण हवेचा आणि कातडीचा अकूस्टिक इम्पिडन्स यात प्रचंड फरक. म्हणून मध्ये द्रव पाहिजे. स्टीलवर आपण तेल लावतो, वहिनीच्या पोटावर जेल होतं, आणि ग्लासगोत त्यांनी चक्क ऑलिव्ह ऑईल चोळलं होतं. इम्पिडन्स जिथे बदलतो तिथून प्रतिध्वनी येतो. जितका जास्त फरक तितका प्रतिध्वनी मोठा. गर्भाशयाच्या मऊ भिंतीत तांब्याची तार म्हणजे फरकच फरक. म्हणून ती एवढी चमकते आणि पलीकडे सावली पडते. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात, स्टीलमध्ये तो सुमारे ५९००. म्हणजे पोटात १० सेंमी खोलवरून प्रतिध्वनी यायला १३० मायक्रोसेकंद लागतात, स्टीलमध्ये ३४. बाकी दोन्ही मशीनचं गणित एकच.

डोनाल्डच्या कामाकडे सुरुवातीला सहकारी गमतीने बघत. ते बदललं एका बाईमुळे. तिचं पोट फुगलं होतं, ती खंगत चालली होती, आणि तपासणीत जठराचा पुढे गेलेला कॅन्सर, पोटात पाणी, आता इलाज नाही, असं ठरलं होतं. डोनाल्डला बोलावलं. त्याने प्रोब ठेवला आणि बघितलं तर पोटात पसरलेलं पाणी नव्हतंच, पाण्याने भरलेली एकच अवाढव्य गाठ होती. ऑपरेशन झालं, अंडाशयाची साधी गाठ निघाली आणि बाई बरी होऊन घरी गेली. त्यानंतर कुणी हसलं नाही. वहिनीचं प्रकरण इतकं मोठं नव्हतं, मान्य आहे. पण दोन्हीकडे हातांनी तपासून काहीतरी ठरवून टाकलं होतं आणि आत भलतंच निघालं, एवढं सारखेपण मला दिसतं.

पुढची उडी ब्राउनची. नुसते सुळके वाचून पोटाचा आकार कळणं कठीण. त्याने प्रोब एका हातावर बसवला, तो कुठे आहे आणि कुठल्या कोनात आहे हे यंत्राला कळेल अशी जोडणी केली आणि प्रत्येक प्रतिध्वनी पडद्यावर त्याच्या जागी ठिपका म्हणून उमटवला. प्रोब पोटावरून फिरवला की ठिपक्यांचं चित्र तयार. कंपनीच्या वरिष्ठाने यासाठी ५०० पौंड मंजूर केले होते. पहिलं यंत्र हॉस्पिटलमधलं पेशंटच्या खाटेवर सरकवायचं टेबल वापरून जुळवलेलं होतं! ७ जून १९५८ च्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन या तिघांचा लेख आला. गर्भाशयातल्या बाळाचं डोकं चित्रात दिसलं. ब्राउनचं नाव तिसरं होतं, पण होतं.

१९६३ मध्ये डोनाल्डच्या लक्षात आलं, की मूत्राशय भरलेलं असलं तर हवेने भरलेली आतडी बाजूला सरकतात आणि पाण्याच्या त्या खिडकीतून गर्भाशय स्वच्छ दिसतं. वहिनीला बाकावर तासभर जे सोसावं लागलं त्याचं कारण हे! मी तिला फोनवर सांगितलं, तर ती त्या साहेबाला दोन शब्द बोलली, ते इथे छापता येणार नाहीत.

याच दशकात जगभर लूप आली होती, प्लास्टिकची नागमोडी. भारतात सरकारी कार्यक्रमात ती १९६५ मध्ये आली; आजीच्या वयाच्या बायका अजून तांबीलाही लूपच म्हणतात. बसवलेली लूप दिसेनाशी झाली तर काय करायचं हा प्रश्नही आला, आणि दशकाच्या मध्यापासून डॉक्टर तिला अल्ट्रासाउंडने शोधू लागले. एक्सरेत तांबी दिसते, कारण तिच्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट घातलेलं असतं. पण एक्सरेत गर्भाशयाची भिंत नीट दिसत नाही, त्यामुळे तांबी भिंतीच्या आत आहे की बाहेर ते कळणं अवघड. सोनोग्राफीत दोन्ही दिसतं. उलट सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं दिसलं तर पडली असेल म्हणून घरी पाठवायचं नसतं. तेव्हा पोटाचा एक्सरे काढायचा, कारण साधारण हजारात एखादीला तांबी गर्भाशयाला भोक पाडून पोटात गेलेली असते. हे मला आमच्या तालुक्याच्या बाईंनी समजावलं. आपल्या आई-बहिणींसाठी म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

डोनाल्डबद्दल सगळंच मला पटत नाही. तो धार्मिक वृत्तीचा होता आणि ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा झाला त्याला त्याचा कडवा विरोध होता. गर्भपातासाठी आलेल्या बाईला तो पडद्यावर बाळाचं चित्र दाखवायचा. आधीच अडचणीत असलेल्या बाईशी असं वागणं मला कठोर वाटतं. आणि त्याच्याच यंत्राचं आपल्याकडे काय झालं! मुलगी आहे का बघायचं आणि पाडायचं. महाराष्ट्राने १९८८ मध्येच त्याविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. तरी २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. चार मुलींच्या या बापाला ते कसं वाटलं असतं, याचा विचार मी सेंटरच्या भिंतीवरचा बोर्ड वाचताना केला नव्हता, आता करते.

तब्येत त्याला कधीच साथ देत नव्हती. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली, तीन मोठी ऑपरेशन्स झाली. तरी ग्लासगोत १९६४ साली उघडलेलं क्वीन मदर्स हॉस्पिटल उभारण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९७६ मध्ये तो निवृत्त झाला आणि १९ जून १९८७ रोजी एसेक्समधल्या पॅगल्शम या खेड्यात वारला. तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं आहे.

टॉम ब्राउनचं नशीब निराळं. ग्लासगोचा यंत्रांचा कारखाना १९६० च्या दशकातच बंद पडला. १९७० च्या दशकात त्याने दुसऱ्या कंपनीत त्रिमिती चित्र देणारं मशीन बनवलं, ते विकलं गेलं नाही आणि तो या क्षेत्रातून बाहेर पडला. २०१९ मध्ये वारला. आज शहरातल्या सेंटरमध्ये त्रिमिती सोनोग्राफी आहे आणि तांबीचे दोन्ही हात एकाच चित्रात बघायचे तर तीच सर्वांत चांगली.

वहिनीची तांबी बाईंनी त्याच आठवड्यात बारीक चिमट्याने काढली, सोनोग्राफीत बघत बघत. पाच मिनिटं लागली म्हणे. काढलेली तांबी तिने मागून घेतली आणि कागदात गुंडाळून दादाला दाखवली. दादा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर मला फोन करून एसटीचे आणि सोनोग्राफीचे पैसे किती झाले ते विचारलं.

गेल्या शनिवारी लॅबवाल्या काकांना मस्का लावून मी लॅब उघडून घेतली. मेसमधून आणलेल्या प्लास्टिकच्या डब्यात पाणी भरलं, वाइंडिंगची तांब्याची बारीक तार त्यात आडवी टांगली, ४ सेंमी खोल, आणि वरून पाण्याला प्रोब टेकवला. सुळका उभा राहिला! पण स्क्रीनवर खोली दाखवत होता १६ सेंमी. काका म्हणाले, मशीन बिघडलं. मी दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, मशीनमध्ये वेग स्टीलचा भरलेला होता, ५९२०. तो बदलून पाण्याचा १४८० केला. सुळका बरोबर ४ वर आला. हे रीडिंग जर्नलमध्ये मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, सर.